ट्रंकेत निघालेलं पॅराशूट: कापड नंतर, आधी शिक्का वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चुलत आजोबा गेल्यावर त्यांच्या लोखंडी ट्रंकेत खाकी कॅनव्हासचा चौकोनी पॅक निघाला आणि त्याखाली चादरीत गुंडाळलेलं पॅराशूट. घरात वर्षानुवर्षं सांगतात की दुसऱ्या महायुद्धात ते विमानातून उडी मारून वाचले, ते याच पॅराशूटनं. पॅकवर मुकुट, त्याखाली ‘ए एम’ ही अक्षरं आणि ‘१५ए’नं सुरू होणारा आकडा आहे. पॅराशूटचं कापड नारिंगी, पांढरं, हिरवं आणि मातकट अशा चार रंगांचं. काठाजवळ पुसट शिक्का आहे, त्यातलं ‘डी एस ए १००’ एवढंच वाचता येतं. ‘डी एस ए’ ही आजोबांची आद्याक्षरं असावीत असं घरच्यांना वाटतं. शेवटी तुम्ही विचारलंय, कापड रेशमाचं आहे का आणि धुतलं तर चालेल का.

धुऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो. माझी बरीच वर्षं पॅराशूट घडी घालण्यात, दुरुस्त करण्यात आणि पुढे जुन्या पॅराशूटांच्या नोंदी करण्यात गेली. माझ्याकडे आलेल्या दहातल्या नऊ जणांनी आधी कापड चोळून पाहिलेलं असतं. जुन्या पॅराशूटचं कापड फार कमी बोलतं. बोलतो तो शिक्का, बोलतं लोखंड आणि बोलते शिलाई.

पहिली गोष्ट जरा कडू आहे, पण लगेच सांगून टाकतो. ‘डी एस ए’ ही आजोबांची अक्षरं नाहीत. अमेरिकेच्या लष्करी खरेदीत ‘डिफेन्स सप्लाय एजन्सी’ नावाचं खातं १९६१ साली निघालं आणि १९७७ साली त्याचं नाव बदलून ‘डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी’ झालं. या खात्याच्या कंत्राटाचा क्रमांक ‘डीएसए १००’नं सुरू होतो. नाव बदलल्यानंतरच्या मालावर ‘डीएलए १००’ येतं. म्हणजे तुमच्या हातातलं कापड १९६१च्या आधी शिवलेलं असूच शकत नाही, आणि महायुद्ध तर १९४५ साली संपलं. ‘१००’च्या पुढे आडवी रेघ आणि मग दोन आकडे असतात. ते बहुधा कंत्राटाचं आर्थिक वर्ष सांगतात: ६८ म्हणजे १९६८, ७२ म्हणजे १९७२. ते आकडे वाचता आले तर अर्धं काम तिथेच संपेल.

पुसट शिक्का कसा वाचायचा तेही सांगतो, कारण इथे लोक भिंग घेऊन डोळे फोडून घेतात. खोलीत अंधार करा. कापड सपाट पसरा आणि टॉर्च कापडाच्या पातळीवर, अगदी कडेनं आडवा धरा. शाई उडाली असली तरी ठशाच्या दाबानं धागे किंचित बसलेले असतात, आडव्या उजेडात त्यांची सावली पडते. फोटो काढून मोबाइलमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवा. नाहीच जमलं तर कापडाची उलटी बाजू पाहा. पातळ नायलॉनमधून शाई पाठीमागे उतरते आणि बरेचदा तिथेच जास्त शाबूत राहते, उन्हाचा आणि हातांचा मार तिथे कमी बसलेला असतो. पाणी, स्पिरिट, साबण काहीही लावू नका. असल्या एका शिक्क्यावर ओला बोळा फिरवून मी तो कायमचा घालवला आहे. पॅराशूट कुणाचं होतं ते आता कधीच कळणार नाही.

आता चार रंग. नारिंगी, पांढरा, हिरवा आणि मातकट या चौकडीत पुष्कळसं उत्तर दडलेलं आहे. हे बहुधा अमेरिकी ‘सी-९’ जातीचं पॅराशूट आहे, वैमानिकाच्या जीवरक्षणासाठी बनवलेलं. पुढे ते इजेक्शन सीटमध्येही, म्हणजे वैमानिकासकट विमानाबाहेर फेकल्या जाणाऱ्या खुर्चीतही गेलं. रंग शोभेसाठी नाहीत. खाली उतरलेल्या वैमानिकानं याच कापडातून संसार उभा करावा असा हिशेब होता. नारिंगी भाग शोधणाऱ्या विमानाला दिसावा म्हणून पसरायचा, हिरवा झाडीत आणि मातकट वाळूत लपण्यासाठी पांघरायचा, पांढरा बर्फात. छत्रीधारी सैनिकाला असे रंग कुणी देत नाही. त्याचं पॅराशूट एकरंगी असतं किंवा ठिपक्याठिपक्यांचं, झाडीत मिसळणारं. म्हणून चौरंगी कापड दिसलं की मी आधी विमानातला माणूस समजतो, उडी मारून लढायला गेलेला नव्हे.

खात्री करायची असेल तर मोजा. छताच्या, म्हणजे हवेत फुगणाऱ्या कापडाच्या टोकाला, मध्यभागी, एक भोक असतं. तिथून खाली काठापर्यंत एका शिवणीवर टेप धरा. सी-९चा सपाट व्यास २८ फूट, म्हणजे टोक ते काठ साधारण १४ फूट, सव्वाचार मीटरच्या आसपास. मग पाकळ्या मोजा. पाकळी म्हणजे टोकापासून काठाकडे रुंद होत जाणारी, दोन शिवणींमधली त्रिकोणी पट्टी. सी-९ला २८ पाकळ्या आणि प्रत्येक पाकळी चार तुकड्यांची. हे तुकडे तिरपे कापलेले असतात. फाटलंच तर फाटणं शिवणीशी अडावं, अख्खी पाकळी उसवू नये, म्हणून ही योजना. काठावर २८ दोऱ्या दिसतील, पण टोकाच्या भोकाशी पाहिलंत तर त्या भोकावरून पलीकडे जातात. खरं तर दोऱ्या चौदाच, प्रत्येक दोरी छताच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड. तुटलेल्या दोरीचं टोक निघालं असेल तर आत पाहा. वरची विणलेली साल आणि तिच्या पोटात सातेक बारीक धाग्यांचा पुंजका दिसेल. ही २५० किलोच्या आसपास ताण सोसणारी दोरी.

आणखी एक खूण. छताच्या दोऱ्या ज्या पट्ट्यांना येऊन मिळतात, त्यातल्या मागच्या बाजूच्या पट्ट्यांना लाल फासे दिसतात का? असतील तर त्यात ‘चार दोऱ्यांची सोडवण’ बसवलेली आहे. छत उघडल्यावर वैमानिकानं ते लाल फासे ओढले की मागच्या चार दोऱ्या सुटतात, छताचा मागचा काठ वर उचलला जातो, हवा तिथून निसटते आणि पॅराशूट पुढे सरकू लागतं. त्यामुळे झोका कमी होतो आणि थोडी दिशाही देता येते. दोऱ्या तिथे कापलेल्या वाटतील. ‘कुणीतरी तोडल्या’ असं समजून त्या परत गाठू नका.

मग महायुद्धाची गोष्ट खोटी का? मला तसं वाटत नाही. तुमच्या ट्रंकेत एक वस्तू नाही, दोन आहेत.

मुकुट आणि ‘ए एम’ म्हणजे ब्रिटनचं एअर मिनिस्ट्री, हवाई खातं. ते १९६४ साली संरक्षण खात्यात विलीन झालं, म्हणजे पॅक त्याआधीचा. ‘१५ए’ हा त्यांच्या भांडारातला पॅराशूट विभागाचा क्रमांक. आता मुकुट नीट पाहा. त्याच्या दोन कमानी वरच्या बाजूला गोल घुमटासारख्या असतील तर तो राजाचा मुकुट, सहाव्या जॉर्जच्या किंवा त्याआधीच्या काळातला. कमानी मध्ये खाली दबून दोन खांदे झालेले असतील तर तो राणीचा, १९५२ नंतरचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला कमानी गोल वाटतात, पण तिथे कॅनव्हासला सुरकुती आहे, त्यामुळे शपथ घेणार नाही. हात न लावता जवळून आणखी एक फोटो काढा.

पॅकची घडण म्हणाल तर चौकोनी, जाड, बसकी गादी, कडांना रबरी दोऱ्या. ही आसनाखालची जात वाटते. वैमानिक त्याच्यावरच बसायचा, विमानाच्या खुर्चीतला खोलगट भाग त्यासाठीच असे. रबरी दोऱ्यांचं काम, ओढकडी, म्हणजे पॅराशूट उघडायची कडी, खेचली की झाकणाचे पडदे झटकन मागे ओढून घेण्याचं. आज त्या मेलेल्या असतील, ओढल्या तर तुटतील. तेव्हा शक्यता अशी दिसते: पॅक युद्धकाळातला, छत पंचवीस-तीस वर्षांनंतरचं. युद्धानंतर लष्करी शिल्लक माल जगभर विकला गेला. तंबू, ताडपत्री, पडदे म्हणून लोकांनी पॅराशूटं घेतली. एखाद्या माजी वैमानिकानं जुन्या रिकाम्या पॅकशेजारी नंतर मिळालेलं छत ठेवलं आणि पुढच्या पिढीनं दोन्ही एकच मानलं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. यात कुणी खोटं बोललेलं नसतं.

आजोबा खरोखर उडी मारून वाचले असतील तर पुरावा कापडात शोधू नका, डब्यांत शोधा. लेस्ली अर्विन या अमेरिकी माणसानं १९१९ साली हातानं कडी ओढून उघडायच्या पॅराशूटनं उडी मारून दाखवली आणि नंतर कंपनी काढली. पॅराशूटनं जीव वाचलेल्यांसाठी १९२२ साली ‘कॅटरपिलर क्लब’ निघाला. तिथे सुरवंटाच्या आकाराची चिमुकली सोन्याची पिन मिळे, पाठीमागे नाव कोरलेली. रेशमाच्या किड्यावरून सुरवंट. गुंड्यांच्या डबीत, जुन्या टायपिनांत, कागदांच्या पाकिटात ती पिन निघू शकते. नखाएवढी वस्तू, लोक बिनकामाची म्हणून टाकून देतात. जोडीला सेवेची नोंद. ते ज्या देशाच्या हवाई दलात होते तिथल्या अभिलेखागारात तुकडी आणि तारखा मिळाल्या, तर पॅकचं साल आणि माणसाचं साल जुळतं का ते पाहता येईल. पॅकच्या आतल्या लहान खिशातही हात घाला. तिथे नोंदपत्र ठेवत असत, त्यात क्रमांक, कधी घडी घातली आणि कुणी घातली ते लिहिलेलं. तो एक कागद मिळाला तर माझ्या या सगळ्या पाल्हाळाची गरज उरणार नाही.

आता रेशीम. तुम्ही लिहिलंय, ‘हाताला रेशीमच लागतं’. मलाही एकदा लागलं होतं. कित्येक वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर मी एका पांढऱ्या छताला रेशीम म्हणून मोकळा झालो, मालकानंही तसंच लिहून घेतलं आणि नंतर एक धागा जाळून पाहिल्यावर ते नायलॉन निघालं. फार वापरलेलं पातळ नायलॉन रेशमाइतकंच मऊ होतं. अमेरिकेत युद्धाआधी पॅराशूटचं रेशीम जपानहून यायचं, १९४१ साली तो व्यापार थांबला आणि नायलॉनची घाई झाली. ६ जून १९४२ रोजी ॲडेलिन ग्रे या तरुणीनं अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये नायलॉनच्या पॅराशूटनं माणसाची पहिली उडी मारली. त्यामुळे नायलॉन निघालं तर पॅराशूट १९४२च्या आधीचं नाही, एवढं ठाम म्हणता येतं. उलट नियम मात्र लावू नका. रेशीम त्यानंतरही बराच काळ वापरात होतं, आणि सामान टाकायच्या पॅराशूटांना सूतही चाले. ब्रह्मदेशच्या मोहिमेत तर ब्रिटिश जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यासाठी तागाची पॅराशूटं बनवली गेली, कारण नेहमीचं कापड पुरत नव्हतं. कुणाच्या माळ्यावर गोणपाटाचं पॅराशूट निघालं तर हसू नका, ती फार दुर्मिळ वस्तू आहे.

जाळून पाहायचंच असेल तर शिवणीतून आधीच सुटलेला एखादा धागा घ्या, बोटभर पुरे. चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. रेशीम आखडतं, जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की बहुधा विझतं आणि उरलेली काळी राख बोटांत चुरते. नायलॉन ज्योतीपासून मागे पळतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. तो गार झाल्यावरही फुटत नाही. सूत कागदासारखं जळतं, ज्योत काढल्यावरही धुमसतं आणि करडी भुसभुशीत राख राहते. तुमच्या बाबतीत ही परीक्षा करायचीही गरज नाही. कापडावर बारीक चौकटींची जाळी दिसते ना? दर काही धाग्यांनंतर जाड धागा घालून विणलेलं ते रिपस्टॉप नायलॉन.

हे वाचून दुसऱ्या कुणाच्या ट्रंकेत वेगळं काही निघालं, तर कामाच्या खुणा ओळीनं सांगून ठेवतो. आधी बघा, पॅराशूट कसं उघडायचं. छातीजवळ किंवा कमरेजवळ ओढायची कडी असेल तर तो स्वतः उघडणारा माणूस, म्हणजे सहसा वैमानिक किंवा विमानातला कर्मचारी. पाठीवरच्या पॅकला विमानात अडकवायचा लांब पट्टा असेल तर छत्रीधारी सैनिक. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, मुळीच नसेल आणि सगळ्या दोऱ्या एका-दोन कड्यांत येऊन मिळत असतील तर ते माणसाचं नव्हे, सामानाचं. लाल, निळी, पिवळी, हिरवी भडक पॅराशूटं बहुतेक सामानाचीच असतात. पेटीत दारूगोळा आहे की औषधं, हे लांबून कळावं म्हणून रंग ठरवलेले असत. आणि टेबलक्लॉथएवढं चिमुकलं निघालं तर ते प्रकाशगोळ्याचं, म्हणजे उजेडासाठी आकाशात सोडायच्या जळत्या गोळ्याचं. त्यानं माणूस तर सोडाच, मांजरही उतरणार नाही.

छातीवर लावायच्या पॅकमध्ये एक मजेची खूण आहे. ब्रिटिश पद्धतीत हुक हार्नेसला आणि कड्या पॅकला असतात, अमेरिकी पद्धतीत बरोब्बर उलटं, कड्या हार्नेसला आणि हुक पॅकला. त्यामुळे युद्धात दोन देशांचे पॅक आणि हार्नेस सरसकट एकमेकांना लागत नसत. ब्रिटिश सैनिकांचं ‘एक्स-टाइप’ २८ फुटांचं, पोटाशी गोल पेटी असते, ती फिरवून दाबली की पट्टे सुटतात. त्यांच्याकडे युद्धात दुसरं, राखीव पॅराशूट नव्हतं. अमेरिकी ‘टी-५’ही २८ फुटांचंच, पण तीन हुकांचं, आणि छातीवर राखीव. ‘टी-७’ला गोल पेटी आली. १९५०च्या दशकातलं ‘टी-१०’ ३५ फुटांचं, ३० पाकळ्यांचं, डोक्यावर बसल्यासारखं खोलगट. जर्मनांची ‘आरझेड’ मालिका हार्नेसवरूनच कळते. खांद्यावरून वर जाणारे चार पट्टे नाहीत, माणूस पाठीकडून टांगला जाई आणि तोंडघशी पुढे झुकलेला खाली येई. चौकोनी छत आणि रशियन अक्षरं दिसली तर ‘पीडी-४७’चा विचार करा.

पॅकवर ‘१६७०’नं सुरू होणारा लांब आकडा असेल तर तो युद्धानंतरचा माल. नाटो देशांच्या लष्करी मालाच्या क्रमवारीत १६७० हा पॅराशूटांचा वर्ग आहे. तेरा आकडे असतील तर पाचवा-सहावा देश सांगतो: ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, ७२ भारत, ०० किंवा ०१ अमेरिका. अमेरिकी आकडा अकराच असेल तर १९७४ पूर्वीचा. ‘मार्क टू’, ‘मार्क थ्री’ वगैरे नमुन्याच्या आवृत्ती-क्रमांकावरून मात्र साल काढू नका. लोक तिथे हमखास फसतात.

इथे सुरक्षेबद्दल थोडं, कारण तुमचा पॅक रिकामा आहे पण सगळ्यांचे नसतात. बंद पॅकची पिन गंमत म्हणून ओढू नका. आत स्प्रिंगवरचं छोटं पायलट-च्यूट, म्हणजे मोठं छत बाहेर ओढणारं चिमुकलं पॅराशूट, असू शकतं, ते तोंडावर उडतं. घड्याळासारखा जड धातूचा डबा आणि त्याला तार जोडलेली दिसली तर ते आपोआप उघडणारं यंत्र. काही केवळ स्प्रिंगची, तीही बोट मोडतील अशी, तर काहींत दारूचं काडतूस असतं. इजेक्शन सीटचा कुठलाही भाग, जुने सिग्नल फटाके, डायल अंधारात चमकणारं होकायंत्र, यांना खोलायचं नाही. होकायंत्रात रेडियम असू शकतं. फटाके आणि काडतुसं दिसली तर हलवू नका, पोलिसांना सांगा, ते योग्य माणूस पाठवतील.

छत पसरायचं ते घरात. अंगणात नको. नवखा असताना मी वाऱ्याकडे दुर्लक्ष करून २४ फुटी छत मोकळ्या जागेत पसरलं. एक झुळूक आली, कापड उठलं आणि फुगलं, आणि दोऱ्यांच्या टोकाचं लोखंड जमिनीवरून खडखडत येऊन माझ्या बोटांवर आदळलं. दोन नखं काळी पडली. त्या दिवशी वारा म्हणण्यासारखा नव्हताच.

धुण्याबद्दल. शाई जाईल हे एक. शिवाय जुनं नायलॉन उन्हानं आधीच कमजोर झालेलं असतं, पिळलं की शिवणीशी फाटतं. मऊ ब्रशनं धूळ झटका, सावलीत दोन दिवस वारा द्या, मग सुती चादरीत सैल गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट राहतं. गंजकी कडी आणि कापड यांच्यामध्ये जाड कापडाचा थर घाला. वर्षातून एकदा उघडून घड्या जरा सरकवून परत घाला, म्हणजे त्याच रेषेवर धागे तुटत नाहीत. आणि कुणीही कितीही गळ घातली तरी ते उडवायला, मुलांना ओढायला, दोरीनं गाडीला बांधायला द्यायचं नाही. हे पॅराशूट आता कापड आहे.

तुकडे कापून भावंडांत वाटायचा विचारही तुम्ही लिहिला आहे. तुमची मर्जी. कापड वापरलं म्हणजे अपमान झाला असं मी मानत नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात पॅराशूटच्या नायलॉनपासून शिवलेला १९४७ सालचा लग्नाचा पोशाख आहे. बी-२९ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक क्लॉड हेन्सिंगर १९४४च्या ऑगस्टमध्ये चीनवर उडी मारून वाचले, ती रात्र तेच पॅराशूट उशाला आणि पांघरायला घेऊन काढली, आणि नंतर ते वाग्दत्त वधूला दिलं. कापणारच असाल तर शिक्क्याची पाकळी अख्खी ठेवा आणि कात्री लावण्याआधी सगळ्याचे फोटो काढा.

मला चार फोटो हवेत: आडव्या उजेडात शिक्का, मुकुट जवळून, पॅकच्या आतली बाजू पूर्ण उघडून, आणि पट्टे जिथे दोऱ्यांना जोडतात तिथलं लोखंड. त्या जोडणीवर खांद्याजवळ झाकण उघडून सोडायची कुलुपासारखी कळ आहे का, तेही लिहा. ती कळ युद्धानंतरची. तुमच्या पॅराशूटला ती निघाली तर छताच्या सालाबद्दल शंका उरणार नाही आणि मग फक्त पॅकचा प्रश्न राहील.